आम्ही वाचवलेली भिंत

पेठच्या रस्त्याला घाट चढून गेलं की डाव्या हाताला एक डोंगर लागतो. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर रविवारी लोक डबे बांधून जातील आणि कातळावर स्वतःची नावं कोरून येतील. नाशिककरांना मी ओळखतो, मी त्यांच्यातलाच आहे. त्या डोंगराच्या कुशीत कातळाचा एक मोठा ओठ पुढे आलेला आहे आणि त्याच्याखाली पायथ्याच्या पाड्यातली सगळी माणसं गुरांसकट बसतील एवढी कोरडी जागा आहे. १९३५ च्या सुमारास मी तिथे दीडेक वर्ष काम केलं. आयुष्यात जी वाईट कामं मी मन लावून केली, त्यांत याचा नंबर पहिला लागतो.

मी तेव्हा नाशकात ड्रॉइंग मास्तर होतो. मुंबईला राहून चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. तिथे आम्हाला प्लॅस्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून त्यांची नाकं हुबेहूब काढायला शिकवत. नाशकात त्या नाकांना गिऱ्हाईक नव्हतं. मग मी पैसेवाल्यांच्या मयत वडिलांची फोटोवरून तैलचित्रं करून देऊ लागलो आणि प्रत्येक वडिलांना तेच ग्रीक नाक बसवू लागलो. एकाही मुलाने तक्रार केली नाही. उलट वडील इतके देखणे होते हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, असं एकजण डोळे पुसत म्हणाला. अशा लोकांत राहून माणूस स्वतःला फार मोठा कलावंत समजू लागतो. मीही समजत होतो.

पुराणवस्तूंच्या एका खात्याला चित्रांच्या नकला काढणारा माणूस हवा होता, म्हणून मला तिथे नेलं. खात्याचे अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, मराठीच होते. पण मजुरांशी हिंदी बोलत आणि माझ्याशी इंग्रजी. मराठी फक्त त्यांना राग आला की निघत असे, त्यामुळे मराठी रोज ऐकायला मिळे. घडीच्या खुर्चीवर बसून, डोक्यावर सोला हॅट घालून ते उत्खनन करत. प्रत्यक्ष कुदळ दुसरेच मारत. जमिनीतून गारगोटीची लहान लहान पाती निघत होती. साहेब ती भिंगाखाली धरून बघत आणि "प्राचीन!" असं म्हणत. किती प्राचीन ते पाहुण्यावर ठरे. पाहुणा साधा असला तर पाच हजार वर्षं, आणि मोटारीतून आलेला असला तर दहा हजार.

मागची भिंत पांढरीफेक होती. पाड्यातल्या बायका दरवर्षी मृगाच्या आधी तिला पांढऱ्या मातीने लिंपत. थरावर थर चढून ते लिंपण चांगलं बोटभर जाड झालं होतं. साहेबांच्या लेखी ती रानटी लोकांनी खराब केलेली भिंत होती. एक दिवस साहेबांच्या खुर्चीवर ऊन येतं म्हणून ताडपत्री बांधायला भिंतीत खुंटी ठोकली आणि मातीचा परातीएवढा पापुद्रा खाली पडला. आत पाय दिसला. गेरूने काढलेला, नाचताना उचललेला माणसाचा पाय. गुडघ्यात वाकलेला, वीतभर लांब. मी आजवर काढलेल्या सगळ्या पायांपेक्षा जिवंत होता तो. मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली.

साहेबांनी खुर्ची सोडली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मजुरांत पाड्यातली एक विधवा बाई होती, चाळिशीच्या आसपासची. माती वाहण्याच्या कामावर होती आणि भिंत लिंपायचा मानही तिच्याच घराकडे होता. आधी सासूने लिंपली, आता ही लिंपत होती. पापुद्रा पडला तशी ती डोक्यावरची पाटी खाली ठेवून पुढे आली आणि पदर सावरून त्या पायाकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं आत काही आहे?" मी विचारलं.

"माणसां निजेल हायेत आत," ती म्हणाली. "सासू सांगायची. मी कंदी बघितली नव्हती."

साहेबांनी हे ऐकलं आणि इंग्रजीत हसले. मग मीही हसलो. साहेब हसले की हसायचं, ही नोकरीची पहिली अट असते. कोणी लेखी देत नाही इतकंच.

पुढचे तीन महिने मी त्या भिंतीवरची माती उतरवली. हे काम मात्र मी नीट केलं, तेवढं श्रेय मी कोणाला देणार नाही. ओलं मलमलीचं फडकं मातीवर दाबून धरायचं, माती फुगली की बांबूच्या चपट्या काडीने पापुद्रा सोडवायचा आणि गेरू दिसला की हात थांबवायचा. दिवसाला वीतभर जागा मोकळी होई. एकेक करून माणसं बाहेर आली. हातात हात घालून नाचणारी लांबच लांब रांग होती. त्यांच्यामागे हरणं, एक मोठा बैल आणि पोटाशी पोर धरलेली एक बाई. चेहरे कोणालाच नव्हते, काड्यांचे हातपाय होते, आणि तरी कोण दमलंय नि कोण नुकतंच नाचात शिरलंय ते सांगता येत होतं. ती विधवा बाई दुपारच्या सुट्टीत भाकर घेऊन भिंतीसमोर बसे आणि रांगेत नवं कोण आलं ते बघे. पोरवाली बाई निघाली त्या दिवशी तिने भाकर तशीच धरून ठेवली होती.

मग मला नकला काढायला बसवलं. पहिली नक्कल मी भिंतीवर होती तशीच काढली. साहेब ती बघून चिडले आणि मराठीवर आले. "मास्तर, हे वरच्या लोकांना दाखवायचंय. जरा अंगात मांस भरा." मी मांस भरलं. पोटऱ्या दिल्या, खांदे दिले. सवयीचा हात, त्यामुळे एकदोघांना नाकंही दिली. त्या नकला पुढे छापल्या गेल्या आणि त्या काळच्या माणसांना स्नायूंचं चांगलं ज्ञान होतं, असा निष्कर्ष एका विद्वानाने काढला. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. इथे गूळही मीच आणि गाढवही मीच केलं होतं.

बातमी फुटली आणि नाशकातली प्रतिष्ठित मंडळी चित्रं बघायला येऊ लागली. नाशकात दगड दिसला की तो रामाचा असतो. एका गृहस्थाने काठी टेकवून ही वानरसेना आहे असं जाहीर केलं. दुसऱ्याला शेपट्या दिसेनात म्हणून तो पांडवांवर आला. दोघांचं भांडण इतकं पेटलं की परतताना ते वेगवेगळ्या मोटारींत बसले. चित्रांकडे मान वर करून दोन मिनिटंही कोणी बघितलं नाही. साहेब फोटो काढायच्या आधी रंग उठून दिसावा म्हणून भिंतीवर तांब्यातांब्याने पाणी मारायला लावत, ते बघायला मात्र सगळे पुढे सरकत.

पाणी वाळलं की रंग पुन्हा मंद होई. साहेबांना ते खपत नव्हतं. इतका मोठा शोध आणि दिसायला असा मळकट! तेव्हा मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, चपड्याचं रोगण लावू. माझ्या तैलचित्रांच्या चौकटींना मी तेच लावत असे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पत्रे; ते स्पिरिटमध्ये विरघळवले की लाकूड आरशासारखं चमकतं. भिंतही चमकेल आणि रंगाला कायमचं कवच मिळेल, असं मी म्हणालो. कायमचं! हा शब्द मी तेव्हा फार सहज वापरत असे.

चपडा आणायला मी भद्रकालीतल्या एका पॉलिशवाल्याकडे गेलो. म्हातारा मुसलमान कारागीर होता, हयात पलंग आणि कपाटं घासण्यात गेली होती. एवढा चपडा कशाला हवा, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने हातातला बोळा खाली ठेवला.

"मास्टर, लकडी को लगाव. पत्थर को नको," तो म्हणाला. "पत्थर को पसीना आता है. वो पसीना किधर जाएगा?"

मी त्याला म्हटलं, तुम्ही तुमचे पलंग बघा. त्याने माल बांधून दिला. आपण कलेच्या परीक्षा पास झालेलो आणि हा पॉलिशवाला आपल्याला शिकवतो, हा राग मला घरापर्यंत पुरला.

चैत्रात आम्ही भिंतीला रोगणाचे तीन हात दिले. परिणाम असा झाला की साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. गेरू रक्तासारखा लाल झाला. काल काढल्यासारखं दिसतं, असं जो तो म्हणू लागला, आणि हजारो वर्षांची वस्तू काल काढल्यासारखी दिसणं हे वाईट लक्षण आहे, एवढं कळायला त्या सबंध खात्यात एक माणूस नव्हता. साहेबांनी वर पत्र लिहिलं. ही पद्धत इतरत्रही वापरावी आणि मास्तरांना खात्यात चित्रकार म्हणून कायम करावं, अशी शिफारस केली. मग उन्हाळा वाढला तसे ते महाबळेश्वरला गेले. भिंत माझ्या ताब्यात आली.

वैशाख सरत आला तेव्हा ती बाई आणखी चारपाच बायकांना घेऊन आली. प्रत्येकीने डोक्यावरची पांढऱ्या मातीची पाटी खाली ठेवली.

"मास्तर, लिपायचं हाय. मिरग आला."

"आता लिंपायची गरज नाही," मी म्हणालो. "आम्ही भिंतीला औषध लावलंय."

तिने भिंतीला बोट लावून बघितलं आणि बोट पदराला पुसलं. "ही तर काचंवानी झाली. पानी कुठून सोडंल?"

"कसलं पाणी?"

"पावसात भित पाझरती ना. पानी आतून येतं. माती पिऊन घेती ते. मंग उन्हात माती गळती, आमी नवी लावतो. माणसां कोरडी ऱ्हातात."

अक्षरशत्रू बाई. तिने चार-पाच वाक्यांत जे सांगितलं ते मला पुढे मोठ्या ग्रंथांत वाचायला मिळालं, आणि तिथे ते चाळीस पानांत होतं. पॉलिशवाल्यानेही तेच सांगितलं होतं. मला पटलं नाही, असं मी आता म्हणणार नाही. मला त्याच क्षणी पटलं होतं. पण भिंतीवर माती चढली असती तर माझं रोगण गेलं असतं, रोगण गेलं की शिफारस गेली असती, आणि मी परत मयत वडिलांच्या नाकांकडे गेलो असतो.

"तुला नाही कळायचं ते," मी म्हणालो. "हे रसायन आहे."

"पातळ हात मारतो, मास्तर. एकच. तुमाला दिसनार बी नाय."

"पोलीस बोलवू का?"

तिने आपली पाटी उचलली, तशा सगळ्यांनी उचलल्या आणि ओझं घेऊन डोंगर उतरून गेल्या. दोन कोस लांबच्या ओढ्यातून आणलेली माती होती ती.

त्या वर्षी पेठकडे पाऊस धो धो झाला. दिवाळीनंतर साहेब आणि मी वर गेलो. लांबून मला वाटलं, भिंतीखाली कोणी कांद्याची टरफलं पसरून ठेवली आहेत. जवळ जाऊन एक उचललं. वरून चकचकीत रोगण आणि आतल्या बाजूला चिकटलेला गेरू. मी बोटात धरलेला तो तुकडा म्हणजे कोणाची तरी मांडी होती. भिंतीतून पाणी आलं, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, ते रोगणाच्या मागे साठलं आणि रंगाला बरोबर घेऊन सुटलं. सगळी रांग गेली होती. हरणं गेली, बैल गेला. पोटाशी पोर धरलेल्या बाईच्या जागी नुसता भुरा कातळ होता, त्यावर मिठाचा बुरशीसारखा पांढरा थर. मी खाली बसून ते तुकडे गोळा करू लागलो. हातात घेतले की त्यांचा भुगा होई.

एका टोकाला, पूर्वेच्या कोपऱ्यात, आमची परांची पोचली नव्हती म्हणून माती उतरवायची राहून गेली होती. तिथे मी काडीने एक पापुद्रा सोडवला. आत वासराचं तोंड होतं, कोरडं, खणखणीत लाल. मी साहेबांना हाक मारली. त्यांनी वासराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच न रागावता मराठीत बोलले.

"हे कोणाला दाखवू नका, मास्तर."

अहवाल साहेबांनी लिहिला. स्थानिक अडाणी लोकांनी वर्षानुवर्षं ओली माती लिंपल्यामुळे मूळ रंग कमकुवत झाला होता आणि शास्त्रीय उपाय करूनही तो टिकवता आला नाही, असं त्यात होतं. कलातज्ज्ञ म्हणून खाली माझी सही हवी होती. मी केली. सही माझी फार वळणदार आहे. महिन्याभरात मी खात्यात कायम झालो.

मग खात्याला वाटलं की जे गेलं त्याचं तरी रक्षण करावं. भिंतीसमोर काटेरी तार ठोकली आणि पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. "या भिंतीस हात लावणाऱ्यास कायद्याने शिक्षा होईल." अक्षरं मी मन लावून काढली. पाटी ठोकत होतो तेव्हा ती बाई लाकडाची मोळी घेऊन त्या बाजूने आली आणि थांबली. तिने भिंतीकडे बघितलं नाही. बहुधा आधीच बघून गेली असावी.

"काय लिवलंय, मास्तर?"

मला खरं वाचून दाखवता आलं असतं. एकच ओळ होती. पण तिच्या तोंडावर ते वाक्य म्हणायची माझी छाती होईना.

"लिहिलंय, देवाची जागा आहे, चपला काढून या," मी म्हणालो.

तिच्या पायात उभ्या जन्मात चप्पल नव्हती. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी बूट घालून तारेच्या आत उभा होतो.

"मंग काढा की," ती म्हणाली.

मी खाली वाकून नाड्या सोडल्या. ती मोळी सावरून निघून गेली.

पुढल्या वैशाखात मी पुण्याला, खात्याच्या कचेरीत होतो. दुपारच्या चहाला साहेब खुशीत आले. पेठहून कागद आला होता. तारेच्या आत शिरून पूर्वेच्या कोपऱ्याला माती लावताना एका बाईला तिथल्या पोलीस शिपायाने पकडलं होतं. कोपऱ्यातली ओली माती त्याने जागच्या जागी खरवडून काढवली. बाईला दोन दिवस पेठच्या कचेरीच्या आवारात उन्हात बसवून ठेवलं आणि समज देऊन सोडलं.

"आणि गंमत ऐका," साहेब हसत म्हणाले. "शिपाई म्हणाला, पाटी दिसत नाही का? तर म्हणते, पाटी ठावं हाय मला, मास्तरनी वाचून दाखवली हाय. लिवलंय की चपला काढून या. मी तर अनवाणीच हाय! काय अडाणी लोक आहेत बघा. काय वाटेल ते रचून सांगतात!"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. वासरू मातीबरोबरच खरवडलं गेलं असणार, हे मला कोणी न सांगताच कळलं. मीही हसलो, आणि चहात साखर कमी पडली आहे असं चहा आणणाऱ्या पोऱ्याला सांगितलं.